गाडी सोमवारी सकाळी सुरू होते का?

तुमच्या मोबाइलचा वॉलपेपर एकदा बघा. देव, आई-बाबा किंवा क्रश नसेल, तर गाडी असण्याची शक्यता दांडगी. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या तिघांपैकी दोघांच्या स्क्रीनवर लॅम्बोर्गिनी आहे आणि तिसऱ्याच्या स्क्रीनवर पोर्शे. तिघंही कॉलेजला येतात ते एकाच स्प्लेंडरवरून, ट्रिपल सीट. यात हसण्यासारखं काही नाही. स्वप्न फुकट असतं आणि स्प्लेंडर पहिल्या किकमध्ये सुरू होते.

मला बोलायचंय ते या दुसऱ्या वाक्याबद्दल.

सुरुवात घरापासून करते. माझा मावसभाऊ कामठीतच राहतो, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. गेल्या वर्षी बुटीबोरी एमआयडीसीत नोकरी लागली आणि पहिल्या पगाराच्या आधीच त्यानं सेकंड हँड हॅचबॅक घेतली. सव्वाचार लाख. अर्धे काकांचे, अर्धे कर्जाचे. गाडी चांगली होती, साधी होती. पण साधी गाडी रीलमध्ये चालत नाही ना! मग रुंद टायर आले, मोठे अलॉय आले, मागे फुटबॉलच्या मैदानावर शोभेल असा एक्झॉस्ट आला. शेवटी एका मिस्त्रीकडे नेऊन चारही स्प्रिंगांचे वेढे कापून घेतले. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसू लागली. ‘स्टान्स’ म्हणतात म्हणे त्याला. आम्ही सगळ्यांनी फोटो काढले, मीही काढला. कबूल करते, भारी दिसत होती.

तीन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्पीड ब्रेकरवर खालून ‘खट्’ असा आवाज आला. त्यानं उतरून पाहिलं नाही, कारण उशीर होत होता. खाली ऑइल चेंबर फुटलं होतं. दोन-तीन किलोमीटरनंतर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. त्याला वाटलं, पोचून बघू. पोचला नाही. तेलाविना इंजिन चाललं आणि जागेवर जाम झालं. टोचन लावून गाडी परत आणली, तेव्हा गल्लीतली पोरं दोन्ही बाजूंनी उभी. “काहून बे, रेसमधून आला का?” एकानं विचारलंच. इंजिन खोलून बांधायचा अंदाज निघाला ८५ हजार. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जातोच. बँकेला चेंबरशी काही देणंघेणं नाही.

तुम्ही म्हणाल, ही काय स्पोर्ट्स कार झाली? त्यानं साध्या गाडीची वाट लावली, त्यात खऱ्या सुपरकारचा काय दोष? बरोबर. म्हणून खऱ्या सुपरकारकडे जाऊ.

ऑक्टोबर २०२४. रेमंडचे गौतम सिंघानिया यांनी आपली नवीकोरी लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो फिरवायला मुंबईच्या अटल सेतूवर नेली. विदर्भातल्यांना रेमंड परकं नाही, यवतमाळजवळ लोहाऱ्याला त्यांचा डेनिमचा कारखाना आहे. रेव्हुएल्टो म्हणजे ६.५ लिटरचं १२ सिलिंडरचं इंजिन, सोबत तीन इलेक्ट्रिक मोटर, सगळे मिळून हजाराच्या वर हॉर्सपॉवर. शून्य ते शंभर अडीच सेकंदांत. भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ८ कोटी ८९ लाख. आणि ही गाडी सेतूवर बंद पडली. सिंघानियांनी स्वतः जाहीरपणे लिहिलं की गाडीची विजेची यंत्रणाच पूर्ण ठप्प झाली आणि ते अडकून पडले. ताबा मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बिघडल्याचं कानावर आलेली ही तिसरी गाडी, असंही त्यांनी म्हटलं. नंतर कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांनी साधी विचारपूसही केली नाही, अशी त्यांची तक्रार होती.

अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे, त्यातला मोठा भाग समुद्रावर. तिथं कडेला टपरी नाही, मिस्त्री नाही. नऊ कोटींच्या गाडीत बसलेला माणूस आणि टोचन लावून आलेला माझा मावसभाऊ, दोघांची त्या क्षणीची अवस्था सारखीच असणार. फरक एवढाच की सिंघानियांच्या घरी दुसरी गाडी होती.

हा फरक फार मोठा आहे आणि रीलमध्ये तो कधीच दिसत नाही. सुपरकार घेणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा तीच एक गाडी नसते. पावसासाठी एक, विमानतळासाठी एक आणि रविवारी पहाटेसाठी ही. त्यामुळे ती भरवशाची आहे की नाही, हा प्रश्न त्याला बोचतो, पण त्याचं अडत नाही. आपण मात्र स्वप्न बघतो ते एका गाडीचं, जी सगळंच करेल. कॉलेजला नेईल, लग्नाला नेईल, आजीला दवाखान्यात नेईल आणि वर ३०० नं पळेल.

आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अर्थातच सचिनचं. त्याची फेरारी आली तेव्हा तुमच्या-माझ्यापैकी बरेच जण जन्मलेही नव्हते. २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी त्यानं बरोबरी केली आणि फियाटकडून त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. सिल्व्हरस्टोनला खुद्द शूमाखरच्या हातून. मग आयात शुल्काचा वाद झाला, कोर्टापर्यंत गेला आणि शेवटी सुमारे १ कोटी १३ लाखांचं शुल्क कंपनीनं भरलं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण पुढचा भाग आपण विसरतो. २०११ मध्ये सचिननं ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकून टाकली. नंतर त्याच्याकडे निसान जीटी-आर आली, बीएमडब्ल्यू आल्या. आणि पुढे त्यानं जाहीरपणे कोणत्या गाडीचा ठावठिकाणा विचारला माहितीये? त्याच्या पहिल्या मारुती ८०० चा. ती परत मिळावी असं त्याला वाटत होतं.

त्यानं फेरारी का विकली, हे त्याच्या मनात शिरून मी सांगणार नाही. पण ती गाडी मुंबईत रोज चालवणं म्हणजे काय, हे कागदावर मांडता येतं. ३.६ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, ४०० च्या आसपास हॉर्सपॉवर. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, रबरी. तो किलोमीटरवर नाही, वर्षांवर बदलावा लागतो, साधारण दर तीन वर्षांनी. गाडी पोर्चमध्ये नुसती उभी असली तरी. बेल्ट तुटला तर वाल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन संपतं. स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारा गिअरबॉक्स असेल, तर आत क्लच आहेच, फक्त तो तुमच्या पायाऐवजी हायड्रॉलिक यंत्रणा दाबते. ट्रॅकवर झकास. दादरच्या सिग्नलला इंच-इंच पुढे सरकताना मात्र तोच क्लच झिजत राहतो. उजाडण्याआधी, रस्ते मोकळे असताना अशी गाडी बाहेर काढण्यात शहाणपण आहे ते एवढ्यासाठीच.

थोडक्यात, या गाड्या नाजूक म्हणून बिघडत नाहीत. ज्या कामासाठी बनवल्या ते काम सोडून दुसरंच काम दिलं की बिघडतात. इंजिन मागे किंवा मध्ये कोंबलेलं, भोवती प्रचंड उष्णता. गाडी वेगात असेल तर हवा ती उष्णता ओढून नेते. गाडी उभी राहिली की सगळा भार पंख्यांवर. आता हीच गाडी मे महिन्यात दुपारी अडीच वाजता ४५ अंशांत कामठी रोडवर आणून उभी करा. आणि दुसरी बाजू, वापरलीच नाही तरी त्रास. बॅटरी उतरते, एकाच जागी उभं राहून टायरला सपाटी येते, रबरी सील सुकतात. चालवली तरी खर्च, नाही चालवली तरी खर्च. हत्ती पाळण्यातला प्रकार.

आता कुणीतरी म्हणेल, “आपण कुठं फेरारी घेतोय? आपण परवडणारी फास्ट गाडी घेऊ.” मुद्दा मान्य. म्हणून महाराष्ट्रातच बनलेल्या फास्ट गाडीकडे बघू. पुण्याजवळच्या चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. तिथली पोलो आणि विशेषतः २०१३ मध्ये आलेली पोलो जीटी टीएसआय आपल्या पिढीच्या दादा लोकांची लाडकी. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ हॉर्सपॉवर आणि सात गिअरचा डीएसजी. आकडे आज फार वाटणार नाहीत, पण त्या किमतीत तसा झटका दुसरीकडे नव्हता.

या डीएसजीत दोन क्लच असतात आणि ते कोरडे असतात, म्हणजे तेलात बुडलेले नसतात. एक क्लच चालू गिअर धरतो, दुसरा पुढचा गिअर आधीच तयार ठेवतो. त्यामुळे गिअर पडतो कधी ते कळतही नाही. पण कोरड्या क्लचला थंड करायला तेल नाही. ट्रॅफिकमध्ये सतत अर्धा क्लच, वर उकाडा. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगननं जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांचं गिअरबॉक्सचं तेल बदलायचं जाहीर केलं. कारण दिलं ते आपल्यासाठी लिहिल्यासारखं होतं. उष्ण, दमट हवामान आणि थांबत-थांबत चालणारी वाहतूक असेल तर सिंथेटिक तेलामुळे विजेचा बिघाड होऊ शकतो. म्हणून त्या जागी मिनरल तेल. पुढे २०२० मध्ये पोलोला नवं १.० लिटर इंजिन आलं, तेव्हा ऑटोमॅटिक मॉडेलला कंपनीनं डीएसजी दिला नाही, जुन्या पद्धतीचा टॉर्क कन्व्हर्टर दिला. थोडा सुस्त, पण उन्हाचं त्याला एवढं वावडं नाही. अर्थात डीएसजी संपला असं नाही. चाकणच्याच व्हर्टस आणि टायगुनच्या १.५ लिटर इंजिनाबरोबर तो आजही मिळतो आणि आवडीनं घेतलाही जातो. पण दहा वर्षं जुनी, तिसऱ्या मालकाकडून येणारी अशी गाडी घेताना एवढा इतिहास माहीत असावा की नाही?

इथं सेकंड हँडचं एक गणित सांगते, जे मला बाबांनी सांगितलं आणि जे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये मी ऐकलेलं नव्हतं. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. ५० लाखांची गाडी दहा वर्षांनी १२ लाखांत मिळते, म्हणून आपण उड्या मारतो. पण तिचा गिअरबॉक्स, तिची ब्रेक डिस्क, तिचं सस्पेन्शन, ही सगळी ५० लाखांच्या गाडीचीच असतात आणि त्यांचं बिलही त्याच हिशेबात येतं. पहिला मालक वॉरंटी भोगतो, दुसरा वाट बघतो, तिसरा भरतो. आणि तिसरा मालक म्हणजे आपण, बावीस-पंचवीस वर्षांचे.

नागपूरकरांसाठी त्यात आणखी एक कलम. फेरारी असो वा लॅम्बोर्गिनी, महाराष्ट्रातलं दालन मुंबईला. इथून समृद्धी धरली तरी रस्ता ७०१ किलोमीटरचा आणि बंद पडलेली गाडी समृद्धीवरून स्वतः जात नाही, ट्रकवर चढवून न्यावी लागते. पेट्रोलचंही तेच. आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल पूर्वी ९१ ऑक्टेनचं होतं. बहुतेक सुपरकारना त्याहून वरचं लागतं. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई होती, पुणे होतं. नागपूर नव्हतं. ऑरेंज सिटी पुन्हा वेटिंगवर.

समृद्धीचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगून टाकू. “भाऊ, समृद्धी झाली ना, आता सुपरकारचा उपयोग आहे,” असं मला एकानं अगदी गंभीरपणे सांगितलं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, जून २०२५ मध्ये पूर्ण रस्ता. कारसाठी वेगमर्यादा १२० आहे. १२० ला स्विफ्टही जाते, नेक्सॉनही जाते, एसी लावून जाते. त्याच्या वरचा जो काही वेग तुम्ही विकत घेतला, तो भारतातल्या कुठल्याही सार्वजनिक रस्त्यावर वापरायची परवानगी नाही. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, त्यावर मी इथं लिहीत नाही. तो गाडीच्या भरवशाचा प्रश्नच नव्हता, चालवणाऱ्याचा होता. पण कोणत्याही वेगवान गाडीबद्दल लिहिताना ती रात्र डोक्यातून जात नाही, एवढं नक्की.

आणि समृद्धीपर्यंत पोचायचं कसं? आमच्या घरातून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत मी परवा मोजले, सात ब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि लांबी ३.७ मीटर आहे, म्हणजे हळूच चढून हळूच उतरणारा. आमच्या गल्लीतले ब्रेकर लोकांनीच उरलेल्या सिमेंटमधून बनवलेत, घराच्या ओट्यासारखे. स्विफ्टला जमिनीपासून १६३ मिलिमीटर मोकळी जागा आहे, नेक्सॉनला दोनशेच्या वर. बहुतेक स्पोर्ट्स कारना शंभर-सव्वाशेच्या घरात. काही गाड्यांना बटण दाबलं की नाक वर उचलायची सोय असते. सात वेळा बटण दाबायचं, सात वेळा सोडायचं. मागची वाहतूक हॉर्न वाजवत उभी. रस्ता चुकीचा आहे हे मलाही मान्य आहे, पण उद्या सकाळी त्याच रस्त्यावरून जायचंय.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, हिला वेगवान गाड्यांचा रागच आहे. अजिबात नाही. माझा राग आहे तो ‘सुपरकार म्हटली की बिघडणारच’ या लाडिक समजुतीवर. जणू बिघडणं हा तिचा नखरा आहे आणि तो सहन करणं म्हणजे शौकीन असणं. हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे १९९० मध्येच सिद्ध झालंय. होंडानं त्या वर्षी एनएसएक्स आणली. ॲल्युमिनियमची बॉडी, तीन लिटरचं व्ही-६ इंजिन. चाचणीत आयर्टन सेनानं भाग घेतला होता, म्हणजे गाडी पळत होती यात शंका नको. पण तिच्यात बसल्यावर बाहेरचं नीट दिसायचं, एसी चालायचा, क्लच दाबून मांडी दुखायची नाही आणि सकाळी ती सुरू व्हायची. मॅक्लारेन एफ-१ चा निर्माता गॉर्डन मरे यानं ती चालवल्यावर आपल्या गाडीसाठी हीच मोजपट्टी ठरवली. जपानच्या एका स्कूटर-मोटारसायकलवाल्या कंपनीनं इटलीला दाखवून दिलं की वेग आणि भरवसा एका छपराखाली नांदू शकतात.

पोर्शे ९११ ही दुसरी साक्षीदार. साठ वर्षं झाली, रोज चालवता येणारी स्पोर्ट्स कार म्हणून लोक तिचं नाव घेतात. मागे दोन सीटही आहेत, पाय घरी ठेवून आलात तर बसता येतं. पण मला ९११ आवडते ती एका वेगळ्याच प्रसंगामुळे. २०१४ च्या सुरुवातीला नव्या ९११ जीटी-३ पैकी दोन गाड्यांनी पेट घेतला. फक्त दोन. इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल होतो, हे कारण निघालं. कंपनीनं जगभरातल्या सगळ्या ७८५ मालकांना सांगितलं की गाडी चालवू नका, आणि सगळ्याच्या सगळ्या गाड्यांची इंजिनं बदलून दिली. चूक कुणाचीही होते. पण चूक झाल्यावर कंपनी फोन उचलते की नाही, हा भरवशाचा अर्धा भाग आहे. सिंघानियांची तक्रार पुन्हा वाचा. गाडी बंद पडली यापेक्षा कुणी विचारलं नाही, याचा त्यांना जास्त राग आलेला दिसतो.

निसान जीटी-आरचा किस्सा याच्या बरोबर उलटा. गाडी लाँच कंट्रोलसह आली, म्हणजे उभ्या जागेवरून गोळीसारखी सुटायची सोय. अमेरिकेत २००८ मध्ये लोकांनी ती वापरली, पुन्हा पुन्हा वापरली, काहींचे गिअरबॉक्स गेले. वॉरंटीवरून भांडणं झाली आणि पुढे कंपनीला सॉफ्टवेअर बदलावं लागलं. ज्या करामतीचा व्हिडिओ दाखवून गाडी विकायची, तीच करामत केल्यावर हात वर करायचे, हे काही बरोबर नाही. आता रीलमध्ये कुणी लाँच मारताना दिसला की मला गिअरबॉक्सच आठवतो. माझी रील बघायची मजा गेली, तुमचीही जावी अशी इच्छा आहे.

आणि कंपनीच उरली नाही तर? मुंबईच्या दिलीप छाब्रियांच्या डीसीनं २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये अवंती दाखवली, तेव्हा भारताची स्वतःची सुपरकार म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. दिसायला देखणी. इंजिन रेनॉचं, दोन लिटरचं टर्बो, अडीचशेच्या आसपास हॉर्सपॉवर. आज ती नवी मिळत नाही. टाटानं २०१७ मध्ये जिनिव्हाला रेसमो नावाची छोटी स्पोर्ट्स कार दाखवली, ती तर विक्रीपर्यंत आलीच नाही. मला रेसमोचं वाईट वाटतं, मनापासून. पण अवंतीच्या मालकाला आज पुढचा बंपर हवा असेल तर तो काय करत असेल, हा विचार मला जास्त छळतो.

तर मग घ्यायचीच नाही का वेगवान गाडी? घ्या. परवडेल तेव्हा जरूर घ्या आणि मला एक चक्कर मारा. फक्त टोकन द्यायच्या आधी गाडी थंड असताना सुरू करून बघा. विकणाऱ्यानं तुम्ही यायच्या आधीच ती गरम करून ठेवली असेल तर परत या. सर्व्हिसचे कागद मागा आणि त्यातलं शेवटचं बिल कितीचं होतं ते बघा. क्लच बदलायला किती लागतील, हे सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून विचारा, नंतर नाही. आणि कापलेली स्प्रिंग, बदललेला एक्झॉस्ट दिसला तर ‘वा’ म्हणू नका. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच शोधते.

मावसभावाची गाडी सध्या घरासमोर कव्हरखाली आहे. इंजिन बांधून झालं, मूळ मापाच्या स्प्रिंगाही पुन्हा बसवल्या, पण त्याचं मन उडालंय, विकायला काढली आहे. तो पावणेसातला घरून निघतो, शेअर ऑटोनं ऑटोमोटिव्ह चौक, तिथून मेट्रोनं खापरी, पुढे बस. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतची मेट्रो आणि समृद्धी यांचं उद्घाटन एकाच दिवशी झालं होतं, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “हो का? मले तर एकच कामाची पडली.”

गेल्या रविवारी जरीपटक्याहून एक मुलगा गाडी बघायला आला होता. विशीतला असेल. गाडीभोवती एक फेरी मारली, अलॉयचा फोटो काढला आणि पहिला प्रश्न विचारला, “भाऊ, शून्य ते शंभर कितीत जाते?” मावसभाऊ घरात गेला आणि इंजिनाचं बिल घेऊन बाहेर आला.